मामाच्या वहीतल्या सतरा ओळी

माझ्या मामाला सगळं गाव 'साडेआठ' म्हणायचं. तोंडावर नाही, पण त्याची पाठ वळली की लगेच. रोज सकाळी साडेआठला तो पुलाखालच्या पायऱ्या उतरायचा, खांबावर ठोकलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि परत वर यायचा. संध्याकाळी साडेपाचला पुन्हा तेच. असं चौतीस वर्षं. त्याला पायऱ्या उतरताना बघून लोक घड्याळं लावायचे, आणि वेळ जुळली नाही तर दोष घड्याळाला द्यायचे.

पट्टी म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे. पांढऱ्या पत्र्यावर काळ्या रेघा, मुलांची उंची मोजायला भिंतीवर असतात तशा. नदीची पातळी बघून लिहायची आणि महिनाअखेरीला वहीची एक प्रत कार्यालयात पाठवायची. काम इतकं सोपं की कुणालाही यावं, आणि इतकं कंटाळवाणं की शहाण्या माणसाने त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. पोटापाण्यासाठी मामा कापडाच्या दुकानात कापड मोजून द्यायचा. पण काय करता असं कुणी विचारलं तर सांगायचा, "मी नदीवर असतो."

तापात गेला. पाय मुरगळला तेव्हा बसत बसत पायऱ्या उतरला. स्वतःच्या लग्नात साडेपाचला नवरदेव गायब झाला होता, ही गोष्ट माझ्या आईने मला शंभरदा तरी सांगितली असेल. मामी म्हणायची, "सवत आहे माझी ती नदी. पण गुणाची आहे, घरी येत नाही." एका वर्षी पुराचं पाणी थेट उंबऱ्याला लागलं तेव्हा मामी दारात उभी राहून म्हणाली, "या बाई, तुमचीच वाट बघत होते." आणि मामा कमरेएवढ्या पाण्यातून पट्टी वाचायला निघून गेला होता.

मामी जाऊन आता बावीस वर्षं झाली. गेल्या वर्षी पुलावर आपोआप पातळी मोजणारं यंत्र बसलं आणि मामा रिकामा झाला. त्यानंतर काही महिन्यांनी एका संशोधन संस्थेचं पत्र आलं. पाण्याचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापकांचं तीन दिवसांचं निवासी शिबिर एका तलावाकाठच्या विश्रामगृहात होतं. तिथे मामाचा सत्कार करायचा होता. पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'चौतीस वर्षांत एकाही दिवसाचा खंड नाही.' सोबत एका माणसाला आणता येईल, असंही होतं. ते माणूस म्हणजे मी. माझं औषधांचं दुकान आहे. तीन दिवस बंद ठेवलं.

खरं सांगायचं तर मला प्राध्यापक ही जातच आवडत नाही. शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत एका मोठ्या विद्वानाने माझं उत्तर अर्ध्यावर तोडून म्हटलं होतं, "पुढे गोळ्याच विकायच्या आहेत ना? मग एवढं पुरे." त्या दिवसापासून मी गोळ्याच विकते आणि त्या विद्वानाला मनातल्या मनात शिव्या घालते. म्हणून मामाबरोबर निघाले ते जरा पदर खोचूनच. माझ्या मामाला कुणी वाकडं बोललं तर ऐकून घेणार नव्हते.

बस अर्ध्या वाटेवर आली असेल. मामाने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, पण प्यायला नाही, नुसती हातात धरून बसला.

"ते खरं नाही गं," तो म्हणाला.

"काय खरं नाही?"

"एकही दिवस खंड नाही, ते. सतरा दिवस आहे खंड. तुझी मामी दवाखान्यात होती तेव्हाचे."

मला ते दिवस आठवतात. मी चौदा वर्षांची होते. मामीला एकाएकी दुसऱ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात हलवलं होतं आणि मामा तिच्या खाटेजवळच्या लोखंडी स्टुलावरून उठत नव्हता. सतराव्या दिवशी संध्याकाळी ती गेली.

"घरी आलो तर महिनाअखेर," मामा सांगत होता. "वहीत सतरा ओळी रिकाम्या. रिकामी ओळ दिसली की पट्टी दुसऱ्याकडे देऊ, असं कार्यालयातल्या साहेबाने पूर्वी एकदा बजावलं होतं. मी बसलो आणि भरल्या. सगळ्या मनाने."

"मग?"

"मग काय? त्याच्यासाठी सत्कार घ्यायचा? मी तिथे सांगणार आहे."

मी हादरलेच. "अजिबात सांगायचं नाही! चौतीस वर्षांत सतरा दिवस म्हणजे दर्यात खसखस. कुणाचं काय अडलंय?"

"तुला नाही कळायचं. या वह्यांवर लोकांनी पुस्तकं लिहिलीत."

"म्हणूनच म्हणते. सतरा खोट्या निघाल्या की बाकीच्या बारा हजार दिवसांनाही कुणी विचारणार नाही. सगळ्या वह्या जातील रद्दीत."

हे मी त्याला गप्प करायला बोलले, पण ते त्याच्या वर्मी लागलं. बाटली पिशवीत ठेवून तो म्हणाला, "तीच तर भीती आहे." मला माझ्याच जिभेचा राग आला, पण म्हणणं मी काही मागे घेतलं नाही.

थांब्यावर उतरलो तर संस्थेच्या गाडीचा पत्ता नव्हता. तिच्याऐवजी दोन म्हातारी माणसं चालत येताना दिसली. एकाने स्वेटरची बटणं एक घर चुकवून लावली होती. दुसऱ्या बाई काठी टेकत होत्या, पण चालत होत्या त्याच्या पुढे. ते सर आणि बाई. आयुष्यभर नद्यांचा अभ्यास केलेले, दोघेही पंच्याहत्तरीच्या पुढचे, आणि त्या शिबिरातले सगळ्यात मोठे. तिथले निम्मे लोक त्यांचे विद्यार्थी आणि उरलेले विद्यार्थ्यांचे विद्यार्थी.

"गाडी बंद पडलीय," सर म्हणाले. "म्हटलं, मामांना ताटकळत कशाला ठेवायचं?" आणि त्यांनी मामाच्या हातातली पिशवी ओढून घेतली. मामा "अहो, अहो" करत राहिला.

मला वाटलं, नाटक. मोठी माणसं चार लोकांसमोर असला साधेपणा करतात, मग वर्षभर तो पुरवून वापरतात. पण इथे चार लोकही नव्हते. रस्त्यावर आम्ही चौघंच होतो, आणि चढावर सरांना धाप लागली तरी पिशवी त्यांनी सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली. उघडते तो काय, दोघं एक गरम पाण्याची बादली घेऊन उभे. बाईंची काठी बादलीच्या कडीत घातलेली, एक टोक सरांकडे, एक बाईंकडे.

"तुमच्या बाजूच्या नळाला गरम पाणी येत नाही, हे रात्री कळलं," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे येतं."

सरांनी बादलीत डोकावून बघितलं. "वाटेत एक तृतीयांश गळती. एवढी धरूनच चालायचं."

तेव्हा मात्र मला हसू आवरलं नाही. माझा राग तिथेच थोडा सैल झाला, हे कबूल करते.

नाश्त्याला सर मामाच्या शेजारी येऊन बसले आणि खिशातून एक छोटी वही काढली. "एक विचारू का? वारा असला की पाणी हलत असतं. मग आकडा कुठला धरता?"

मामा बिचकला. त्याला वाटलं, परीक्षा चाललीय. "तीन लाटा जाऊ द्यायच्या," तो हळू आवाजात म्हणाला. "प्रत्येकीचं वरचं टोक बघायचं, खालचं बघायचं. त्याच्या मधलं लिहायचं. चौथीच्या नादी लागायचं नाही."

"का? चौथीच्या का नाही?"

"मग पाचवी बघावीशी वाटते."

सर पोट धरून हसले आणि ते सगळं लिहून घेतलं, चौथीसकट. म्हणाले, "पन्नास वर्षं मुलांना नद्या शिकवल्या, पण हातात वही धरून पाण्यात उभा राहिलो नाही कधी. हे वर्गात सांगितलं तर चालेल ना तुम्हाला?" मामाने मान हलवली. त्याचे कान लाल झाले होते.

त्यानंतर सभागृहात चर्चा सुरू झाली. चाळीस विद्वान पाण्याच्या नासाडीवर तावातावाने बोलत होते आणि खिडकीबाहेर गच्चीवरची टाकी भरून धो धो वाहत होती. कुणाचं लक्षच नाही. शेवटी मामा हळूच उठला, बाहेर जाऊन चावी बंद करून आला. बाईंनी विचारलं, "केव्हापासून वाहत होती हो?"

"ते तरुण सर बोलायला उभे राहिले तेव्हापासून," मामा म्हणाला. सगळं सभागृह हसलं. तरुण सरही हसले, जरा उशिराने.

मला बरं वाटत होतं. मामा इथे रुळतोय, आता तो तसलं काही बोलणार नाही, अशी मी मनाची समजूत घालत होते.

सत्कार अकरा वाजता होता. पुढच्या टेबलावर मामाच्या वह्या रचून ठेवल्या होत्या, वर्षाप्रमाणे. संस्थेचे संचालक उठले, कडक इस्त्रीतला माणूस. त्यांनी मानपत्र वाचायला घेतलं. 'एकाही दिवसाचा खंड नाही' इथपर्यंत ते आले आणि मामा उभा राहिला.

"साहेब, तेवढं वाचू नका," तो म्हणाला.

संचालक थांबले. मी मामाचा सदरा मागून ओढला. त्याने माझा हात हळूच बाजूला केला.

त्याने सगळं सांगितलं. कुठलं वर्ष, कुठला महिना, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. बायको आजारी होती एवढंच म्हणाला, त्यावर जास्त काही नाही. "ते सतरा दिवस मी नदीवर नव्हतो. आकडे मनाने घातले. बाकी सगळे खरे आहेत, पण ते आता कशाच्या जोरावर सांगू? तुम्ही ठरवाल ते मला मान्य आहे." एवढं बोलून तो उभाच राहिला. शिक्षा ऐकायला उभं राहावं तसा.

सरांचा चेहरा मला दिसत होता. तो उतरला होता. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या निबंधातला एक मोठा तक्ता त्याच महिन्यावर बेतलेला होता, हे मला नंतर कळलं. तिथे बसलेल्या प्रत्येकाला ते आधीपासून ठाऊक होतं.

संचालकांनी मानपत्र खाली ठेवलं. "प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे," ते म्हणाले. माणूस असं सुरू झाला की पुढे काय येणार ते कळतंच. "पण प्रश्न गंभीर आहे. सतरा नोंदी बनावट असतील, तर बाकीच्या बारा हजार दिवसांवर विश्वास कसा ठेवायचा? या वह्या आता संग्रहात ठेवाव्यात की नाही, हे पाहावं लागेल."

मामाने डोळे मिटले. मी उठणारच होते. काय बोलले असते देव जाणे, पण सभ्य नसतं ते. तेवढ्यात बाई काठी टेकत टेबलापाशी गेल्या. त्यांनी ते वर्ष शोधून वही उघडली आणि बराच वेळ पानं मागेपुढे केली.

"इकडे या जरा," त्या संचालकांना म्हणाल्या. "आकडे सोडा. कडेला बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. मोठ्याने."

संचालकांनी चष्मा लावला. "'वारा फार.' 'पट्टीला शेवाळ, पुसून वाचलं.' 'म्हैस आडवी उभी, ती हलेपर्यंत थांबलो.' 'धुकं. दोनदा वाचलं.'"

"आता त्या सतरा दिवसांचं वाचा."

संचालकांनी पान उलटलं. मग पुढचं उलटलं. "कडेला काहीच नाही."

"आकडे कसे आहेत?"

"रोज दोन-दोन सेंटीमीटरनी वाढलेले."

बाई सभागृहाकडे वळल्या. "भर पावसाळ्यात नदी अशी शिस्तीत चढते होय? अहो, या माणसाला खोटं लिहिताना एक म्हैससुद्धा सुचली नाही! ज्याला खोटं इतकं वाईट जमतं, त्याच्या बाकीच्या नोंदी मी डोळे झाकून घेते."

लोक हसले. पण ते हसणं मामाला नव्हतं, हे मला कळलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलंही नाही.

मग सर उठले. स्वेटरची बटणं आजही चुकलेलीच होती. ते म्हणाले, "हे मला बावीस वर्षांपूर्वीच दिसायला हवं होतं. मी कार्यालयातून फक्त आकडे उतरवून मागवले. वही मागवली नाही. कडेचं काही लिहिलेलं असतं, हेच मला माहीत नव्हतं. रोज दोन-दोननी वाढणारं पाणी बघून मी म्हटलं, वा, काय सुरेख रेषा आहे! आणि तिच्यावर निबंध लिहिला. मामांची चूक सतरा ओळींची आहे. माझी छापून आलीय आणि दोन पिढ्यांनी पाठ केलीय." ते मामाकडे वळले. "आपण दोघं मिळून दुरुस्ती पाठवायची. छापायला. चालेल?"

इतक्या मोठ्या माणसाने 'चालेल का' असं आपल्याला विचारलंय, हे मामाला पटत नव्हतं.

"आधी वही दुरुस्त करा," बाई म्हणाल्या. "आकडा खोडायचा, पण एकाच रेघेने, खालचं दिसलं पाहिजे. शेजारी 'नोंद नाही' असं लिहायचं. मग कारण. मग सही."

सरांनी आपलं पेन दिलं. मामा टेबलाशी बसला. एकेक आकडा त्याने पट्टी लावून खोडला, सोळा ओळी झाल्या. सगळीकडे कारण तेच लिहिलं: 'बायको आजारी.' सतराव्या ओळीवर त्याचा हात थांबला.

सर शेजारी वाकले. "काय झालं, मामा?"

"हा तिचा शेवटचा दिवस." मामाने ओळीवर बोट ठेवलं. "बघा ना. संध्याकाळी साडेपाच, दोन मीटर चाळीस. ती साडेपाचलाच गेली. माझा हात तिच्या हातात होता. आणि माझ्याच अक्षरात लिहिलंय की मी नदीवर होतो. जन्मभर तिला सोडून नदीवर जात आलो, तो एक दिवस नाही गेलो. आणि तोच खोटा लिहिला. बावीस वर्षं ही वही सांगतेय की ती गेली तेव्हा मी तिच्यापाशी नव्हतो."

मी इतकी वर्षं या माणसाच्या घरात वावरले, त्याच्या औषधांच्या गोळ्या मीच मोजून देते, आणि त्याला हे आतून खात होतं याचा मला पत्ता नव्हता. बसमध्ये मी त्याला दर्यात खसखस म्हणाले होते.

सरांनी शेजारची खुर्ची ओढली आणि मामाच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. बाईंनी संचालकांना खुणेने सांगितलं, चहा सांगा सगळ्यांना. लोक हलक्या पावलांनी बाहेर गेले. मामा बराच वेळ रडला. त्या बावीस वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मग त्याने सदऱ्याने चष्मा पुसला, दोन मीटर चाळीसवर रेघ ओढली, आणि पुढे कारण लिहिलं. कारण लिहायला जागा कमी पडली म्हणून कडेने वर वळवून लिहिलं.

मानपत्र मामाने घेतलं नाही, आणि कुणी आग्रहही केला नाही. निघताना सर थांब्यापर्यंत पिशवी घेऊन आले. बाईंनी माझ्या दुकानाचा पत्ता मागून घेतला आणि गुडघ्यांवर काय चांगलं ते विचारलं. मी सांगितलेलं त्यांनी दोन वेळा विचारून पक्कं केलं, अर्ध्यावर तोडलं नाही.

आठ महिन्यांनी पाकीट आलं. सरांनी सगळं गणित नव्याने केलं होतं. तो तक्ता गेला, निबंध लंगडत का होईना उभा राहिला. दुरुस्ती एका पानाचीही नव्हती, जेमतेम अर्ध्या पानाची. वर दोन नावं होती, पहिलं मामाचं. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून त्याच्याकडे गेले. त्याच्या चष्म्याचा नंबर वाढलाय, म्हणून मीच वाचून दाखवलं. आकड्यांचं सगळं झाल्यावर शेवटची ओळ अशी होती:

'सतराव्या दिवशी संध्याकाळी साडेपाच वाजता नोंद नाही. निरीक्षक पत्नीजवळ होते.'

"तेवढं परत वाच," मामा म्हणाला.

मी परत वाचलं. त्याने कागद माझ्या हातातून घेतला, डोळ्यांच्या अगदी जवळ धरून ती ओळ स्वतः एकदा वाचली आणि म्हणाला, "हां. आता बरोबर आहे."